पुढच्या चाकाची खडखड : भाग बदलण्याआधी जागा शोधा

गाडी पुढून वाजायला लागली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. गॅरेजला जातात, ‘शॉकअप गेलेत’ हे ऐकतात आणि शॉकअपची जोडी बदलून घेतात. आठ दिवसांनी आवाज तसाच असतो. मग लोअर आर्म बदलला जातो, मग स्टेअरिंगचं काम निघतं. हजारो रुपये खर्ची पडल्यावर कळतं की दोष काही शे रुपयांच्या लिंक रॉडमध्ये होता. मेकॅनिकला दरवेळी दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या दारात गाड्यांची रांग असते आणि प्रत्येक गाडीचा आवाज शोधत तासभर बसणं त्याला परवडत नाही. तो तासभर मालक देऊ शकतो. म्हणून या लेखातला नियम एकच आहे: आवाजाची जागा हाताला लागल्याशिवाय एकही भाग विकत घ्यायचा नाही.

बारामती-इंदापूर पट्ट्यात हे काम लवकर अंगावर येतं, कारण गाडी एकाच दिवसात अनेक तऱ्हेच्या रस्त्यांवरून जाते. पुणे-सोलापूर महामार्ग आहे, पाटसहून बारामतीमार्गे इंदापूरकडे जाणारा रुंद पालखी मार्ग आहे. तिथून वळलं की नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा रस्ता, वस्तीवरची खडी आणि शेतातली चाकोरी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या याच आतल्या रस्त्यांवरून भवानीनगर, माळेगाव, बिजवडीच्या कारखान्यांकडे धावतात आणि कडा खचत जातात. पावसाळ्यात काळा चिखल, उन्हाळ्यात बारीक धूळ. या दोन्ही गोष्टी रबराच्या आणि ग्रीसच्या वैरी आहेत.

आत काय असतं?

आपल्याकडच्या लहान गाड्यांत पुढच्या बाजूला बहुतेक ‘मॅकफर्सन स्ट्रट’ पद्धतीचं सस्पेन्शन असतं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही रचना सिद्ध केली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही हीच होती. स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एक उभा खांब होतो. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली रबरी माउंटिंगमध्ये बसतं. खाली चाकाला धरून ठेवतो तो लोअर आर्म. त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो आणि आतल्या बाजूला दोन रबरी बुश. स्टेअरिंगकडून चाकापर्यंत टाय रॉड येतो. डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा वाकडा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर बार, आणि त्याला स्ट्रटशी किंवा आर्मशी जोडणारी छोटी कांडी म्हणजे लिंक रॉड.

या पट्ट्याला मोटारींचा जुना शेजार आहे. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसलं त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. त्या पिढीच्या गाड्यांना ग्रीस निप्पल असत आणि सर्व्हिसिंगला पंपाने ग्रीस भरलं जाई. आजचे बॉल जॉइंट बहुतेक बंद पद्धतीचे असतात. आतलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि वर रबरी बूट असतो. तो बूट फाटला की ग्रीस बाहेर येतं, धूळ आत जाते आणि जॉइंट झिजत जातो. त्यामुळे फाटलेला बूट हा आवाज येण्याआधीचा इशारा आहे. तो दिसला तर थांबू नका.

आधी सोप्या शंका मिटवा

डिकीतला जॅक, पाने आणि स्टेपनी घट्ट आहेत का ते बघा. बॅटरीचा क्लॅम्प हलवून बघा. बॉनेट, नंबर प्लेट, चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर आणि इंजिनखालचा पत्रा हाताने ठोकून बघा. टायरमधली हवा तपासा, कारण जास्त हवा भरली तर प्रत्येक खड्डा कानात वाजतो. चाकाच्या आत चिखल वाळून बसला असेल तर धुऊन काढा, नाहीतर वेगात स्टेअरिंग थरथरतं आणि आपण उगाच सस्पेन्शनला दोष देतो. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडीचा कण अडकला की कानठळ्या बसतील असा किरकिराट होतो. तो कण काढला की काम झालं.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: आवाज कधीपासून आहे? गाडीचं काम करून आणल्यावर दुसऱ्याच दिवशी सुरू झाला असेल, तर ज्या भागाला हात लागला त्याचे बोल्ट सगळ्यात आधी तपासा.

आवाज कधी येतो हे लिहून काढा

कोणता आवाज यापेक्षा तो कधी येतो हे जास्त महत्त्वाचं. शेजारी कुणाला तरी बसवा, काचा खाली करा, पंखा आणि गाणी बंद करा. रुंद, गुळगुळीत पालखी मार्गावर बारीक खडखड लपून जाते. तिच्यासाठी खडबडीत, निर्मनुष्य आतला रस्ता निवडा आणि वेग २० च्या आसपास ठेवा. हंगामात रात्री अशा रस्त्यांवर चाचणी घेऊ नका, कारण दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या समोर येतात.

बारीक खड्ड्यांवर हळू वेगात सतत ‘टकटक’ येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्या. खात्री करायला सोपी युक्ती आहे. गतिरोधकावर गाडी सरळ, दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी चढतील अशी न्या. मग तोच गतिरोधक तिरका, एक चाक आधी आणि दुसरं नंतर चढेल असा ओलांडा. स्टॅबिलायझर बारला पीळ पडतो तो दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात तेव्हा. म्हणून तिरकं जाताना आवाज येतो आणि सरळ जाताना येत नाही, असं झालं तर लिंक किंवा बारच्या बुशकडे वळा.

तशीच खडखड चालू असताना ब्रेकच्या पायडलला अलगद पाय लावा, गाडी थांबेल इतका नव्हे. आवाज लगेच बंद झाला तर ब्रेक पॅड सैल आहेत किंवा कॅलिपरच्या पिना झिजल्या आहेत. अशा वेळी सस्पेन्शन खोलण्याची गरज नाही.

मोठ्या खड्ड्यात एकच जड ‘धप’ येत असेल तर शॉकअप, वरचं माउंटिंग किंवा लोअर आर्मचा बुश बघा.

ब्रेक मारताना ‘ठक’ येत असेल तर मोकळ्या अंगणात गाडी अगदी हळू पुढे नेऊन ब्रेक दाबा, पुन्हा पुढे नेऊन पुन्हा दाबा. मग रिव्हर्समध्ये तेच करा. दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला आवाज येऊन पुढच्या ब्रेकला येत नसेल, तर बहुधा पॅड आपल्या खाचेत सरकत आहेत. प्रत्येक ब्रेकला येत असेल तर लोअर आर्मच्या मागच्या बुशवर संशय घ्या.

गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं आणि वरून ‘टण्ण’ असा उडी मारल्यासारखा आवाज आला, तर स्ट्रटच्या माथ्याचं बेअरिंग अडकतंय. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना ‘टक-टक-टक’ असा चाकाच्या गतीबरोबर वाढणारा आवाज आला, तर तो एक्सलचा बाहेरचा जॉइंट असतो. वेगाबरोबर वाढणारी ‘घूंऽऽ’ आणि हलक्या वळणावर तिच्यात पडणारा फरक ही चाकाच्या बेअरिंगची खूण आहे. हिच्यासाठी मात्र महामार्गासारखा गुळगुळीत रस्ताच लागतो.

चाक उचलण्याआधी

इथे घाई जिवावर बेतते. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी धरून ठेवायला घोडीच लागते. केवळ जॅकवरच्या गाडीखाली हात, डोकं, काहीही घालायचं नाही. आपल्या काळ्या मातीच्या अंगणात जॅक दिसेल न दिसेल असा खचतो आणि तिरका होतो, म्हणून शक्यतो सिमेंटच्या कोब्यावर काम करा. मातीच असेल तर जॅक आणि घोडी या दोन्हींखाली जाड, रुंद लाकडी फळी घाला. पातळ फरशी चालत नाही, ती भाराने फुटते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके हवेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. घोडी कुठे लावायची हे गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. घोडीवर ठेवल्यावर गाडी हाताने ढकलून बघा, तरच पुढचं काम सुरू करा.

हाताने तपासणी

पुढची दोन्ही चाकं हवेत आणि गाडी घोड्यांवर असू द्या. एक हात चाकाच्या वर, एक खाली धरा आणि आळीपाळीने ओढा-ढकला. ढिलेपणा जाणवला तर आत कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर बेअरिंग आहे, राहिला तर बॉल जॉइंट. मग हात डावी-उजवीकडे धरून तेच करा. इथे खेळ सापडला तर टाय रॉडचं टोक किंवा आतला जॉइंट बघा.

जिथे स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, अशा विशबोन पद्धतीच्या मोठ्या गाड्यांत चाक लटकत ठेवून ही चाचणी खोटं सांगते. स्प्रिंगचा दाब बॉल जॉइंटला घट्ट धरून ठेवतो. तिथे लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ जॅक लावून भार उतरवावा लागतो, घोडी चौकटीखाली असतेच.

डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विश्वास ठेवा. सोबतचा माणूस चाक हलवत असताना तुमची दोन बोटं बॉल जॉइंटच्या सांध्यावर अशी ठेवा की अर्धं बोट आर्मवर आणि अर्धं नकलवर, म्हणजे चाक धरणाऱ्या भागावर, असेल. चांगल्या जॉइंटमध्ये दोन्ही भाग एकजीव हलतात. झिजलेल्या जॉइंटमध्ये एक भाग आधी हलतो, दुसरा क्षणभर मागे राहतो आणि मधली ‘टिक्’ कानाला ऐकू येण्याआधी बोटाला कळते. हीच पद्धत टाय रॉडच्या टोकाला आणि लिंक रॉडला वापरा.

लिंक रॉड तपासताना दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत. एकच चाक उचललेलं असेल तर बारला पीळ पडून लिंक ताणलेली राहते आणि खेळ सापडत नाही. कांडी मुठीत धरून जोरात हलवा. किंचित फिरणं चालतं, पण आत-बाहेर खटखट चालत नाही.

बुश बघायला टॉमी घ्या. आर्म आणि चौकटीच्या मध्ये टॉमी घालून अलगद दाबा. रबर थोडं दबतं, ते ठीक आहे. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं, आरपार चीर दिसली किंवा लोखंडावर लोखंड आपटलं, तर बुश संपला.

‘करकर’ असा सुका आवाज असेल तर एकेका बुशवर पाण्याची पिचकारी मारा आणि प्रत्येक वेळी गाडी दाबून बघा. ज्या बुशवर पाणी पडल्यावर आवाज थोडा वेळ थांबला, तोच बोलतोय. पाणी हे फक्त ओळखायला आहे, उपाय म्हणून नाही. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल किंवा काळं ऑइल मारून घ्यायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोडा. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. रबराला लावायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे लावा.

शॉकअपसाठी गाडी जमिनीवर घ्या. पुढचा कोपरा दोन-तीनदा दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक, हेलकावत राहिली तर शॉकअप थकले. नळीवर धुळीचा ओलसर थर असतो, तेवढ्याने घाबरू नका. तेल ओघळलेलं दिसलं तर मात्र बदलायची वेळ आली. शॉकअप नेहमी डावा-उजवा जोडीनेच बदलावेत. स्प्रिंगचं टोक तुटलंय का हेही बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. खालचा वेढा तुटला तर तो बसकणीत लपतो.

घरी करता येईल अशी दुरुस्ती : लिंक रॉड

पहिलं काम म्हणून हे योग्य आहे. आदल्या रात्री दोन्ही नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी वायर ब्रशने आटे स्वच्छ करा, त्याने निम्मं काम सोपं होतं. दोन्ही पुढची चाकं सारख्या उंचीवर घेऊन चाक काढा. नट बहुधा १४ ते १७ नंबरचा असतो. तो फिरवायला गेलात की आतला बोल्टही त्याच्याबरोबर गरगरतो. त्यासाठी बोल्टच्या टोकाला ॲलन कीची खाच असते, नाहीतर मागे पाना बसेल अशी सपाट जागा असते. ती धरून ठेवा आणि रिंग पान्याने नट सोडवा.

नवीन लिंक जुनीच्या शेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोकांची दिशा जुळते का ते बघा. अनेक गाड्यांत डावी-उजवी वेगळी असते. नवीन बसवताना नवेच नट वापरा आणि बूट पिळला जात नाही ना याकडे लक्ष द्या. भोकं जुळत नसतील तर हातोडी न मारता दुसऱ्या बाजूचं चाक जॅकने थोडं वर-खाली करा, बार आपोआप जागेवर येतो. चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने आवळा. लहान गाड्यांत हा जोर साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा.

लोअर आर्म किंवा त्याचा बुश बदलत असाल, स्वतः किंवा गॅरेजमध्ये, तर एक गोष्ट आग्रहाने करा. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने लावून ठेवायचे. शेवटचं आवळणं गाडीचा भार चाकांवर आल्यावरच करायचं. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. हे काम घाईत नेमकं राहून जातं, म्हणून समोर उभं राहून करून घ्या.

इथे हात आखडता घ्या

स्ट्रटच्या माथ्याचा मधला नट घरी कधीही उघडू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. ती सुटली तर माणूस मरू शकतो. स्प्रिंग दाबण्याचं योग्य यंत्र आणि ते वापरणारा अनुभवी हात असेल तिथेच हे काम द्या. चाकाचं बेअरिंग प्रेसवर बसवावं लागतं, तेही गॅरेजचंच काम.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉडच्या टोकात स्पष्ट खेळ सापडला, किंवा स्प्रिंग तुटलेली दिसली, तर गाडी चालवत बारामतीला नेण्याचा विचारही करू नका. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं आणि टाय रॉड सुटला की स्टेअरिंग चाकाला सांगूच शकत नाही. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

‘पुढून आवाज येतो’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिकला अंदाजाने सुरुवात करावी लागते. त्याऐवजी असं सांगा: ‘डावीकडून आवाज आहे, गतिरोधक तिरका घेतला तरच येतो, ब्रेकला पाय लावला तरी थांबत नाही, लिंकच्या वरच्या टोकाला खेळ आहे.’ असं नेमकं ऐकलं की चांगला मेकॅनिक नेमकंच काम करतो. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि त्यातला खेळ स्वतःच्या हाताने बघा. टाय रॉड, लोअर आर्म किंवा स्ट्रटला हात लागला असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत टायरची एक कड खाल्ली जाते.

मग ज्या रस्त्यावर आवाज ऐकला होता त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी पुन्हा चालवा. आवाज गेला असेल तर तारीख, किलोमीटर आणि बदललेला भाग वहीत लिहून ठेवा. राहिला असेल तर यादीतल्या पुढच्या संशयिताकडे वळा, पण पुन्हा हातानेच. वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि गाळप हंगाम उरकल्यावर, चाकाखाली बॅटरी मारून सगळे रबरी बूट बघायचा नेम ठेवा. फाटलेला बूट वेळेत सापडला तर जॉइंटमध्ये खेळ येऊन चाक धोक्यात येण्याआधीच, ठरवलेल्या दिवशी आणि ठरवलेल्या खर्चात काम उरकतं.